वाद्य आणि वाजवणारा

वाद्य म्हणजे नाद काढण्याचे साधन, ही व्याख्या शाळेच्या पुस्तकात चालून जाते. भोर-वेल्ह्याच्या मावळात ती अपुरी पडते. वेल्हे तालुक्याला आता सरकारदरबारी राजगड हे नाव मिळाले आहे, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. गुंजण मावळ आणि हिरडस मावळ, कानंद खोरे आणि रोहिड खोरे अशी जुनी नावे ज्या मुलखाला आहेत, तिथे वाद्य आधी बोलते आणि मग वाजते. लग्नघरातून रात्री संबळाचा आवाज आला की गोंधळ उभा राहिला हे शेजारच्या वाडीला न सांगता कळते. दिमडी आणि तुणतुणे ऐकू आले तर खंडोबाचे जागरण. हलगी कडाडली तर कुस्त्यांचा फड, नाहीतर देवाची पालखी. आणि जुन्या काळी हलगीच्याच सुरात दवंडीही यायची, सरकारी हुकूमही यायचा. कोणते वाद्य, कोणत्या वेळी, कोणाच्या दारी आणि कोणाच्या हाती, या चारही गोष्टी ठरलेल्या. त्यांतली एक जरी चुकली तरी जुन्या माणसाच्या कपाळाला आठी पडे.

अशा या वाद्याला एखादा संगीतकार त्याच्या जागेवरून उचलतो आणि ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत, व्हायोलिनच्या रांगेशेजारी नेऊन बसवतो. त्या खोलीत रात्र नाही, दिवटी नाही, देवीचा चौकही नाही. तिथे उरतो तो निखळ नाद. संगीतकाराला हा अधिकार आहे काय, आणि असल्यास त्याच्या बदल्यात त्याच्याकडे काही देणे लागते काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. तो वरकरणी रसिकांचा दिसतो. माझ्या मते तो नीतीचा आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडेच पडला असे नव्हे. रशियात वसिली आंद्रेयेव या गृहस्थाने शेतकऱ्याच्या हातची बालालाईका घेतली. तीन तारांचे, त्रिकोणी पोटाचे, गावठी समजले जाणारे ते वाद्य. आंद्रेयेवने कारागिरांना हाताशी धरून तिच्या पडद्यांची रचना पक्की केली, लहानापासून माणसाएवढ्या उंचीपर्यंत तिची भावंडे घडवली आणि १८८८ साली सेंट पीटर्सबर्गला बालालाईकांचा वाद्यवृंद उभा केला. आज जगात जी बालालाईका ओळखली जाते ती ही. वाद्य तरले, नावारूपाला आले. परंतु जे तरले ते आणि जे खेड्यात होते ते एकच काय, हे सांगणे सोपे नाही. मुलगी सासरी जाऊन मोठी झाली, पण माहेरची बोली विसरली, असा काहीसा हा प्रकार झाला.

स्ट्राविन्स्कीची कथा याच्या उलट आहे. रशियन खेड्यातील लग्नावर त्याने एक रचना केली. तिला कोणत्या वाद्यांची साथ द्यावी यावर तो कित्येक वर्षे घोळत राहिला. मधल्या एका आराखड्यात त्याने पूर्व युरोपातील सिंबालोम हे आपल्या संतुराच्या जातीचे वाद्य घेतले होते. अखेर १९२३ साली पॅरिसला ती रचना सादर झाली, तेव्हा गायकांच्या साथीला चार पियानो आणि तालवाद्ये तेवढी उरली होती. खेड्यातले लग्न रंगमंचावर आले, सिंबालोम मात्र वाटेतच राहिले. आणि तरीही त्या रचनेत खेडे नाही असे ऐकणारा म्हणत नाही. तिसरा मार्ग हंगेरीच्या बार्टोकचा. विसाव्या शतकाच्या आरंभी फोनोग्राफ बरोबर घेऊन तो हंगेरियन, स्लोव्हाक, रुमानियन खेडी हिंडला, हजारो गाणी त्याने टिपून घेतली, आणि शेतकऱ्याचे संगीत त्याच्या घरी जाऊन ऐकावे लागते अशी त्याची धारणा बनली. एकाने वाद्य सुधारले, दुसऱ्याने वाद्य सोडले पण त्याची लय ठेवली, तिसऱ्याने आधी स्वतःचा कान बदलला. आपल्याकडच्या संगीतकारांपुढेही थोड्याफार फरकाने हेच तीन मार्ग राहिले आहेत.

महाराष्ट्रात या वाटेने गेलेल्यांची नावे वाचकांच्या ओळखीची आहेत. १९७२ साली पुण्यात 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले. भास्कर चंदावरकर हे रविशंकरांकडे सतार शिकलेले, जगाचे संगीत ऐकलेले गृहस्थ. पण त्यांनी त्या नाटकात कीर्तन, तमाशा आणि लोकसंगीताचे रंग असे वापरले की ते नाटकाची सजावट न राहता नाटकाचा कणा झाले. १९७७ च्या 'जैत रे जैत' मध्ये हृदयनाथ मंगेशकरांनी ठाकरांच्या ढोलाला कथेचे पात्र बनवले. आणि आपल्या काळात अजय-अतुल या बंधूंनी चौंडके, संबळ, हलगी यांना पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या बरोबरीने आणून बसवले. 'जोगवा' च्या संगीताबद्दल त्यांना २००८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१६ च्या 'सैराट' साठी लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण झाले. जी वाद्ये पुण्यातल्या दिवाणखान्यात कोणी आत घेत नव्हते, ती सातासमुद्रापलीकडच्या वाद्यांच्या पंक्तीला बसली. ही गोष्ट लहान नाही आणि तिचा आनंद वाटल्यावाचून राहत नाही.

तरी या आनंदात दोन आक्षेप मिसळलेले असतात, आणि ते एकमेकांपासून वेगळे काढले पाहिजेत. पहिला आक्षेप शुद्धतेचा. वाद्य त्याच्या जागी शोभते, उचलले की त्याचा प्राण जातो, असे तो म्हणतो. मला हा आक्षेप फारसा मोलाचा वाटत नाही. कारण ज्या जागेची शपथ आपण घालतो ती जागा तरी कुठे स्थिर आहे? नीरेच्या खोऱ्यातल्या वेळवंडी नदीवर १९२८ साली भाटघरचे धरण पुरे झाले. त्यानंतर निरा-देवघर झाले, गुंजवणीचे झाले. गावेच्या गावे उठली, देव नव्या जागी बसले, तरुण मंडळी मुंबई-पुण्याला गेली. ढोलाचेच पाहा. कातड्याच्या ढोलाला वेल्ह्याच्या पावसात दम धरवत नाही. हवा ओली झाली की पान सैल पडते, आवाज बसतो, आणि जाळावर धरून तो तापवावा लागतो. गणपती तर भर पावसाळ्यात येतात. तेव्हा वाजवणाऱ्यांनीच कातडे काढून प्लॅस्टिकचे पान चढवले. कोणा संगीतकाराने त्यांना ते शिकवले नव्हते. ज्याच्या कमरेला ढोल आहे तो सोय पाहतो. शुद्धतेची चिंता बहुधा खुर्चीवर बसून ऐकणाऱ्याला असते.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो अवघड आहे. वाद्याची जागा ठरलेली होती असे आपण वर म्हटले. ती कोणी ठरवली होती? गोंधळ्याने संबळ वाजवावा, गुरवाने देवळात वाजवावे, हलगी वाजवावी ती मांगाने किंवा महाराने. हलगी आवडते म्हणून कोणी हाती घेत नव्हता. ती जन्माबरोबर गळ्यात पडायची. मेलेल्या जनावराचे कातडे ज्यांनी सोडवायचे, त्यांनीच ते कड्यावर ताणायचे आणि त्यांनीच गावाच्या पुढे वाजवत चालायचे. पालखी मागे असायची आणि हलगीवाला पुढे, पण देवळाची पायरी आली की क्रम उलटा व्हायचा. पालखी आत जायची आणि हलगीवाला बाहेर उभा राहायचा. ज्या आवाजाला आपण रांगडा आणि रोमांचकारी म्हणतो, त्या आवाजात ही पायरीही आहे.

म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर ठिकठिकाणी बौद्ध झालेल्या कुटुंबांनी गावकीची कामे सोडली, त्यांत वाजवण्याचे कामही सोडले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द केली आणि सक्तीचा कायदेशीर आधारही गेला. हलगी खुंटीला गेली. तेव्हापासून एक हळहळ अधूनमधून ऐकू येते की एक कला बुडाली, एक परंपरा तुटली. ही हळहळ प्रामाणिक असते, पण ती व्यक्त करणारा कोण आहे हे पाहावे. ज्याच्या गळ्यात हलगी कधी पडणारच नव्हती, त्याला ती बुडाल्याचे दुःख करणे सोपे असते. ज्याने ती खाली ठेवली त्याने एक कला सोडली असे जर म्हणायचे असेल, तर माणूस म्हणून उभे राहण्यासाठी त्याने ती किंमत मोजली, हेही त्याच वाक्यात म्हटले पाहिजे.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट म्हणावीशी वाटते. एखादे वाद्य टिकावे म्हणून एखाद्या माणसाने अपमान सोसत राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. वाद्य आणि माणूस यांत एकाची निवड करण्याची वेळ आली तर वाद्य मरू द्यावे. माणूस म्हणजे वाद्य ठेवण्याचे संग्रहालय नव्हे.

पण मग संगीतकाराने हलगीला हात लावूच नये काय? चौंडक्याच्या बाबतीत हा पेच अधिकच घट्ट होतो. यल्लम्माच्या जोगत्या-जोगतिणींचे हे वाद्य. लहानपणी देवीला वाहिलेल्या मुलींचे आयुष्य त्याच्या एका तारेला बांधलेले. महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथा बंद करणारा कायदा केला. प्रथा मोडावी यावर आज दुमत नाही. मग तिच्या आवाजावर प्रेम करता येते काय? प्रथा जावी आणि चौंडके राहावे, ही इच्छा म्हणजे विष नको पण त्याची गोडी हवी, असला तर प्रकार नव्हे?

मला वाटते, उत्तर सक्ती आणि निवड यांच्या फरकात आहे. आंबेडकरी जलशांचे उदाहरण घ्या. ज्या समाजाने गावकीचे वाजवणे टाकले, त्याच समाजातल्या कलावंतांनी तमाशाचा घाट उचलला, त्यातला जुना माल बाहेर काढला आणि ढोलकी-तुणतुण्याच्या साथीवर समतेचा विचार गावोगाव नेला. वामनदादा कर्डकांसारख्या कवीची गाणी याच परंपरेत घराघरांत पोचली. वाद्ये जुनीच होती. पूर्वी ती हुकूम म्हणून हाती आली होती, आता ती इच्छा म्हणून हाती घेतली गेली. दोरी तीच, पण कोणी बांधलेली आणि आपण हाती धरलेली यांत अंतर आहे. तेव्हा वाद्यावर डाग कायमचा नसतो. तो धुतला जातो, पण तो धुण्याचा पहिला अधिकार ज्याच्या अंगावर तो पडला त्याचा असतो. इतरांनी त्या आधी घाई करू नये.

'जोगवा' कडे मी या दृष्टीने पाहतो. राजन गवस आणि चारुता सागर यांच्या लेखनातून ती कथा आली, आणि चौंडक्याचा आवाज त्या कथेत ज्या दुःखातून निघतो त्या दुःखासकट ऐकू येतो. संगीतकाराने नाद घेतला, पण त्याचा दाखला सोडला नाही. उद्या तेच गाणे एखाद्या वरातीत भिंतीएवढ्या कर्ण्यांवरून वाजेल आणि नाचणाऱ्याला जोगतीण आठवणार नाही. त्याचा दोष संगीतकारावर टाकता येणार नाही. बी पेरणाऱ्याने बी चांगले पेरावे; पुढे ते कोणाच्या ताटात कसे पडते हे त्याच्या हाती नसते. परंतु ज्याने पेरतानाच मूळ लपवले, त्याला ही सवलत नाही.

ढोलाची कथा वेगळी आहे आणि ती भोर-वेल्ह्याला जवळची आहे. पूर्वी पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या भागांतली ढोल-लेझमाची पथके येत. पुढे शहरातल्या शाळांनी, मग तरुण मंडळांनी स्वतःची पथके उभारली. आज नोकरी करणारी, शिकणारी मुले आणि मुली महिना-महिना सराव करून कमरेला ढोल बांधतात. खांद्यांना वळ पडतात, हाताला फोड येतात, तरी हौस भागत नाही. यात एक फार चांगली गोष्ट घडली. शहराने ढोल नुसता ऐकला नाही, तो स्वतः उचलला. जे वाद्य आपल्याला आवडते त्याचे ओझे आपणच वाहावे, हा परंपरा जपण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे. मात्र दोन गोष्टी इथेही नजरेआड करू नयेत. शहर शिकले आणि मावळातल्या पथकांना शहराची गरज पूर्वीइतकी राहिली नाही. आणि ढोलासाठी जशी रांग लागते तशी हलगीसाठी लागत नाही. नादाला जात नसते असे आपण म्हणतो; ते खरे असते तर ही दोन वाद्ये शहराने सारख्याच उत्साहाने उचलली असती.

मग संगीतकाराकडे देणे काय लागते? परवानगी, असे कोणी म्हणेल. पण परवानगी मागायची कोणाला? हलगीच्या ठेक्याचा सातबारा कोणाच्या नावावर नाही. कायद्याने १९९४ पासून वाजवणाऱ्याचा त्याच्या स्वतःच्या वादनावरचा हक्क मानला आहे, पण पिढ्यान्पिढ्या घडत आलेल्या ठेक्याचा धनी कायद्याला सापडत नाही. समाज नावाची व्यक्ती कुठल्याच करारावर सही करायला येत नाही. तेव्हा या बाबतीत संगीतकाराने समोर बसलेल्या माणसाकडे पाहावे. आणि नेमका तोच माणूस आता खोलीतून नाहीसा होऊ लागला आहे. एकदा कोणीतरी वाजवलेल्या संबळाचे बोल यंत्रात साठवून ठेवले की पुढे ते कळ दाबून हजारदा वाजवता येतात. संबळ सगळीकडे ऐकू येतो आणि संबळवाला घरी बसलेला असतो. वाद्य वाचले, असा निर्वाळा आपण अशा वेळी देतो, तेव्हा नक्की काय वाचले हे स्वतःला विचारले पाहिजे.

मजुरी देणे हे पहिले देणे. त्यात उपकार नाही. दुसरे देणे त्याहून सूक्ष्म आहे. ताटात भाजी-भाकरी आपली ठेवायची आणि लोकवाद्य तोंडी लावण्यापुरते घ्यायचे, असा व्यवहार पुष्कळ चालतो. चाल तयार असते, स्वरमेळ तयार असतो. वर चवीपुरती चिमूटभर दिमडी. खरे घेणे तेव्हा होते जेव्हा वाद्य आपल्या अटी घालते आणि संगीतकार त्या मानतो. तुणतुण्याला एकच तार. त्यावर चाल वाजत नाही. मराठी भाषेने तर त्याची थट्टाच केली, एकच एक रड लावणाऱ्याला आपण तुणतुणे वाजवतो म्हणतो. पण गोंधळात ती एक तार रात्रभर न थकता सूर धरून असते म्हणून तर कथा सांगणारा हवा तिकडे भरारी मारून पुन्हा सुरावर येतो. ज्याला तुणतुणे खरोखर घ्यायचे आहे, त्याला आपल्या रचनेत त्या धीराला जागा करावी लागेल, दहा वाद्ये गप्प बसवावी लागतील. जे घेतल्याने घेणाऱ्यात काही बदल होत नाही ते घेणे नव्हे, ती उचलेगिरी.

तिसरे देणे नावाचे. याचा उत्तम नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. गी पॉइटेव्हिन हा फ्रेंच माणूस आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ मावळपट्ट्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे त्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. संख्या मोठीच आहे, पण मला त्यातला दुसराच गुण मोठा वाटतो. ओवीबरोबर ती गाणारीचे नाव आहे, गाव आहे. ज्या बाईचे नाव रेशनकार्डाबाहेर कुठे लिहिले गेले नसेल, ती तिथे आपल्या ओवीची धनीण म्हणून उभी आहे. चित्रपटाच्या शेवटी नावांची लांबलचक यादी धावते; तीत गाड्या हाकणाऱ्यांची नावे असतात, जेवण पुरवणाऱ्यांची असतात. हलगीवाल्याचे नाव आणि गाव त्या यादीत घालायला कितीशी जागा लागणार?

कोणी म्हणेल, एवढी बंधने घातली तर संगीत व्हायचे कसे? कलावंताला मोकळीक हवी. ती हवीच. पण वर सांगितलेल्या देण्यांपैकी एकही कलावंताचा हात धरत नाही. चाल कशी बांधावी, कोणते वाद्य कशाशी जुळवावे, सुधारावे की सोडावे, हे सारे त्याच्या मर्जीचे. त्याने घेतले ते कोणाकडून घेतले याची जाण ठेवावी आणि वाजवणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची मुभा ठेवावी, एवढेच मागणे आहे. भोरच्या राजवाड्यात चित्रपटवाले येतात, खांब आणि महिरपी टिपतात आणि निघून जातात. वाड्याच्या खांबांना त्याचे सुखदुःख नसते. संबळ हा खांब नव्हे. त्याच्या मागे छाती आहे, श्वास आहे.

आणि हे शिकायला संगीतकाराला दूर जायला नको. गोंधळी काय करतो? कथा लगेच सुरू करत नाही. आधी तो एकेका देवाला त्याच्या नावाने आणि त्याच्या गावाने हाक मारतो. तुळजापूरची, जेजुरीचा, कोल्हापूरची, आणि मग वेल्ह्यात असेल तर तोरण्याची मेंगाई. कोणी राहून गेले तर गोंधळ अपुरा. ज्यांच्या बळावर आपण उभे आहोत त्यांना नावा-गावासह बोलावल्यावाचून तोंड उघडायचे नाही, ही त्या कलेची पहिली अट. संबळ उचलणाऱ्याने तिच्यातला ठेका तेवढा उचलला आणि ही अट मागे ठेवली, तर त्याने गोंधळ ऐकला असे म्हणता येणार नाही.